अस्तंभ्यावर पहिला कोण चढला?

पर्वतारोहणाच्या इतिहासात पहिल्या चढाईला फार मान आहे. ८ ऑगस्ट १७८६ रोजी बाल्मा आणि पाकार माँ ब्लाँवर पोचले, २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर. तारखा पाठ, नावं पाठ. आता तळोद्यात कुणा जाणत्याला विचारून बघा, अस्तंभ्यावर पहिला कोण चढला? तो विचारात पडणार नाही. वर अश्वत्थामा आहेच, म्हणेल. आपण त्याच्या भेटीला जातो. माथा कधी रिकामा नव्हताच, तर पहिलेपणाचा प्रश्न येतो कुठून?

तळोदा गाव आणि अस्तंभा डोंगर, दोन्ही आमच्या नंदुरबार जिल्ह्यातले. डोंगर अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यात आहे. उंची १,३२५ मीटर. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या सातपुड्यात याहून उंच शिखर नाही. कळसूबाई शाळेच्या पुस्तकातून घरोघरी पोचली. अस्तंभ्याचं नाव जिल्ह्याबाहेर कमीच निघतं, याची मला खंत आहे.

कथा सगळ्यांना ठाऊक आहे. द्रौपदीच्या झोपलेल्या मुलांना मारल्याबद्दल अश्वत्थाम्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला गेला, वर श्रीकृष्णाचा शाप. ती भळभळती जखम घेऊन तो सातपुड्यात तेल मागत फिरतो, असं आमच्याकडे सांगतात. नर्मदेच्या परिक्रमावासींच्या तोंडीही शूलपाणीच्या झाडीत भेटलेला अश्वत्थामा असतोच. त्या झाडीचा मोठा भाग आणि शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ सरदार सरोवरात गेलं. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडिताच्या यादीत आली. अस्तंभा उंचावर, म्हणून राहिला.

माझं मत विचाराल तर डोंगर आधी आणि महाभारत नंतर. डोंगराला देव मानायला भिल्ल-पावरांना कुठल्या ग्रंथाची गरज नव्हती. आदिवासींच्या याहामोगी मातेचं ठाणं, दाब, याच सातपुड्यात आहे. अश्वत्थाम्याचं नाव या डोंगराला पुढे कधीतरी जोडलं गेलं असावं, आणि ते इतकं बेमालूम बसलं की आज आदिवासी पाडे आणि तळोद्यातल्या व्यापारी गल्ल्या एकाच वाटेने वर जातात. गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही लोक येतात.

यात्रा धनत्रयोदशीची. बाकी महाराष्ट्र दिव्यांच्या तयारीत असतो, तेव्हा तळोद्याहून पायी निघालेली माणसं कोठार, देवनदी, असली, नकट्यादेव, जुना अस्तंभा, भीमकुंड असे टप्पे मागे टाकत असतात. रात्रीची चाल. पावसाळा नुकताच सरलेला, कमरेएवढं गवत वाळायला लागलेलं, त्याचं कुसळ धोतरात, पायमोज्यात, कुठेही शिरतं. शेवटच्या चढाला पायाखाली घसारा आहे. पुढच्याच्या टाचेने सुटलेला खडा मागच्याच्या नडगीवर येतो, की खालून जयजयकार होतो आणि रांग पुन्हा हलते. बॅटरी पायापुरतीच पाडायची, समोरच्याच्या डोळ्यांवर नाही, हे पोरांना पहिल्याच वर्षी शिकवलं जातं. माझी आजी सांगायची, वाट चुकलात तर घाबरू नका, एक उंच माणूस येऊन वाट दाखवतो. त्याच्याकडे निरखून बघू नका, तेल मागितलं तर द्या. माथा अरुंद, म्हणून वर कुणी रेंगाळत नाही. माथा टेकायचा आणि मागच्याला जागा द्यायची.

मला यात आणि कांचनगंगेच्या पहिल्या चढाईत नातं दिसतं. २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राऊन तिच्या शिखराच्या काही पावलं खाली थांबले, कारण सिक्कीमवासीयांसाठी ते शिखर पवित्र होतं आणि तसा शब्द दिलेला होता. गिर्यारोहणाच्या इतिहासात मला ही सर्वांत मोठी चढाई वाटते. शिखरावर आपल्याआधी कुणीतरी आहे, हे त्यांनी मान्य केलं. आमची माणसं वर्षानुवर्षं तेच मान्य करून चढतात, आणि म्हणून त्यांच्यातल्या कुणाचंच नाव उरलेलं नाही.

आता पायी चालणारे घटले. चांदसैली घाटातून गाड्या जातात, मालवाहू गाड्यांत माणसं उभी भरलेली. ऑक्टोबर २०२५मध्ये यात्रेहून परतणारी अशीच एक गाडी त्या घाटात उलटली आणि अनेक तरुणांचा जीव गेला. पुढच्या धनत्रयोदशीला अस्तंभ्याला जरूर या. पण भरलेल्या पिकअपमध्ये चढू नका. तळोद्याहून पायी निघा, जमणार नसेल तर बसायला जागा असेल त्याच गाडीने या.