कॉमेट आणि पाण्याची टाकी

विमानात कानात दडे बसले की मला कॉमेट आठवतं. जगातलं पहिलं प्रवासी जेट, सेवेत आलं १९५२ साली. बाहेर हवा विरळ, आत दाब राखलेला. म्हणजे दर उड्डाणाला पत्रा फुग्यासारखा ताणायचा नि सैल व्हायचा. जानेवारी १९५४ मध्ये एक कॉमेट एल्बा बेटाजवळ हवेतच फुटलं. कारण न सापडताच मार्चात उड्डाणं पुन्हा सुरू! (याचा मला अजून राग येतो.) एप्रिलात दुसरं गेलं. दोन्ही मिळून ५६ माणसं.

मग फार्नबरोला एका कॉमेटचा सांगाडा टाकीत ठेवून आत पाण्याचा दाब देत राहिले. पाणीच का? दाबलेली हवा बाँबसारखी फुटते, पाणी नाही. तडा कुठून सुरू झाला ते नीट दिसतं. ३०५७ व्या खेपेला तो खिडकीच्या कोपऱ्यातून गेला. त्यातल्या १२२१ खेपा खऱ्या उड्डाणांच्या.