खाटकाच्या हातावरची चामखीळ

चामखीळ हा शब्द फोडला की आत खीळ सापडते. सुश्रुतसंहितेत तिचं नाव चर्मकील, म्हणजे कातडीतली खीळ. बिघडलेला वात कफाला धरून ती उगवतो, असं तिथे म्हटलंय. म्हणजे कारण शरीराच्या आतलं.

1907 साली इटलीतल्या जुझेप्पे चुफो या डॉक्टरने चामखीळ कुटली, जिवाणूही अडतील अशा गाळणीतून तिचं पाणी गाळलं आणि ते स्वतःलाच टोचून घेतलं. काही महिन्यांनी तिथे चामखिळी आल्या. कारण बाहेरून येतं आणि ते जिवाणूपेक्षाही लहान आहे, हे ठरलं. 1949 मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो विषाणू दिसला. आज आपण त्याला एचपीव्ही म्हणतो.

एक कोडं मात्र उरलं. खाटकांच्या हातांवर चामखिळी जास्त का? संशय अर्थातच जनावरावर गेला. 1981 साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले जेरार ऑर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाटकांच्या चामखिळी तपासल्या. त्यांत एचपीव्ही-7 निघाला, बाकी लोकांत क्वचितच सापडणारा. पण तो गाईचा किंवा डुकराचा नव्हता, माणसाचाच होता. मग डॉक्टरांचं बोट वळलं कामाकडे: तासन्‌तास ओले, गार हात आणि सुरीच्या, हाडांच्या बारीक जखमा. भिजून मऊ पडलेली, चिरलेली कातडी विषाणूला आत घेते.

मासे कापणाऱ्यांचंही तेच. चामोर्शीच्या बाजारात वैनगंगेचे, मामा तलावांचे मासे साफ करणारे हात असेच दिवसभर ओले असतात. आपल्याकडे धंद्याला जात चिकटली, आणि जातीला ‘घाण’ हा शब्द. त्या हातावर चामखीळ दिसली की गिऱ्हाईक तिलाही त्याच खात्यात टाकतं. खरं तर ती मासळीतून येत नाही, मटणातूनही नाही. शाळेतल्या पोराच्या बोटावर असते तशीच तीही माणसाच्या विषाणूची.

म्हणून तिथे हवेत रबरी हातमोजे, कापल्यावर लावायला पाणी न शिरणारी पट्टी आणि हात कोरडे करायला स्वच्छ फडकं. ब्लेडने खरवडलं तर विषाणू शेजारच्या कातडीत पसरतो, बिब्बा लावला तर कातडी भाजते. दवाखान्यात सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं औषध मिळतं. ते रोज, काही आठवडे लावावं लागतं.