बर्फ, छप्पर आणि सावड

बर्फापासून घर कसं वाचवायचं, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्यांचा वाटतो. आज आपण तो इतिहासाला विचारू, आणि त्यासाठी जपानच्या डोंगराळ भागातल्या शिराकावा-गो या खोऱ्यात जाऊ.

आधी भार किती ते पाहू. भुरभुरता ताजा बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो भरतो. तोच साचून दबला की ३०० किलोच्याही वर जातो. इथे तर माणसाच्या उंचीइतका बर्फ साचणं नवलाचं नाही. म्हणून इथल्या लोकांनी गवताचं छप्पर जवळजवळ ६० अंशांत उभं केलं. या बांधणीला गाश्शो म्हणतात. गाश्शो म्हणजे नमस्काराला जोडलेले हात. छपराचे वासे खिळ्यांनी ठोकलेले नाहीत, दोरांनी आणि लवचीक फांद्यांनी बांधलेले आहेत. भार आला, वारा आला, की सांगाडा थोडा हलतो, मोडत नाही. ओगिमाची गावात बहुतेक घरांची आढी उत्तर-दक्षिण आहेत, त्यामुळे दोन्ही उतारांना ऊन लागतं. चुलीचा धूर गवताला कीड लागू देत नाही. आणि उंच छपराखाली जो माळा मिळाला, तिथे रेशमाचे किडे पाळले गेले. म्हणजे या आकारामागे बर्फ आहे, तसं पोटही आहे.

पण एवढ्यावर घर वाचतं का? नाही. इतका उतार असूनही बर्फ उतरवायला माणसाला वर चढावंच लागतं. गवतही तीसेक वर्षांनी बदलावं लागतं, आणि ते एका कुटुंबाचं काम नव्हे. त्यासाठी शंभरावर माणसं लागतात. या परस्परांच्या श्रमाला तिथे 'युई' म्हणतात. आपल्याकडे शेतकरी ज्याला सावड किंवा इर्जिक म्हणतो, तीच ही कल्पना. आज तुम्ही माझ्या छपरावर, उद्या मी तुमच्या. कोणी किती दिलं, याची नोंदही ठेवली जाई.

१९७१ साली ओगिमाचीच्या रहिवाशांनी ठरवलं: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९९५ मध्ये शेजारच्या गोकायामासह या गावाला जागतिक वारशाचा मान मिळाला. पण घर राखायचं ठरवलं, तरी छपरावर चढणारे हात कुठून आणायचे? २००५-०६ च्या हिवाळ्यात जपानमध्ये बर्फामुळे दीडशेहून अधिक माणसं दगावली. त्यांतली बरीचशी वृद्ध होती, आणि अनेकजण बर्फ उपसतानाच गेली. तरुण शहरात गेले, छप्पर म्हाताऱ्यांवर आलं.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर 'रक्षण' हा वस्तूचा गुण नाही, ती क्रिया आहे. छपराचा उतार आपल्याला फक्त वेळ मिळवून देतो. त्या वेळात शेजारी आला, तरच घर टिकतं.