बटण दाबल्यावर काय घडते? नौकेवरील वायरलेस संचाच्या कंट्रोल पॅनलची ओळख

किनारा दृष्टिआड झाला की मच्छीमार नौकेवरचा मोबाइल लवकरच मुका होतो. त्यानंतर तांडेल आणि बाहेरचे जग यांच्यात दुवा उरतो तो सुकाणूजवळ बसवलेल्या व्हीएचएफ वायरलेस संचाचा. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले, तेव्हा अशा दुव्याचे मोल साऱ्या किनारपट्टीला कळले. संच विकत घेताना चर्चा होते ती २५ वॅट शक्तीची आणि अँटेनाच्या उंचीची. वापरणाऱ्याचा हात मात्र रोज लागतो तो दर्शनी भागातील बटणांना, आणि संचाचे दुखणेही बहुधा तेथूनच सुरू होते.

मायक्रोफोनवरील ‘दाबा आणि बोला’ बटण दाबताच वीज थेट प्रक्षेपकाकडे धावते, असा समज आहे. आधुनिक संचात तसे घडत नाही. बटणाच्या तारेवर एका रोधामार्फत ५ किंवा ३.३ व्होल्ट इतका दाब राखलेला असतो. बटण दाबले की ती तार ग्राउंडला जोडली जाते आणि दाब शून्याजवळ येतो. संचाचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर हा बदल टिपतो. मात्र धातूचे संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरत असल्याने तो पुन:पुन्हा तपासून मगच खात्री करून घेतो. त्यानंतर स्पीकर बंद करणे, कंप्रता-जनकाला प्रक्षेपणाची कंप्रता देणे, ती स्थिरावल्याची खूण मिळवणे, अँटेना ग्राहकाकडून प्रक्षेपकाकडे वळवणे आणि सर्वांत शेवटी शक्तिवर्धक सुरू करणे, हा क्रम पार पडतो. हे सारे निमिषार्धात होत असले तरी बटण दाबताच बोलू लागणाऱ्याचे पहिले अक्षर हवेत जातच नाही. क्षणभर थांबून बोलावे, ही जुन्या ऑपरेटरांची शिकवण त्यामुळेच आहे.

‘स्क्वेल्च’ नावाच्या गोलाकार खुंटीविषयी सर्वाधिक गैरसमज आढळतात. एफएम ग्राहकाकडे कोणाचाही संदेश येत नसतो, तेव्हा स्पीकरमधून अखंड खरखर ऐकू येते. स्क्वेल्चचे मंडल या खरखरीतील मानवी आवाजापेक्षा उंच स्वरांचा भाग गाळून वेगळा काढते, त्याचे एकदिश दाबात रूपांतर करते आणि खुंटीने ठरवलेल्या पातळीशी त्याची तुलना करते. खरखर पातळीपेक्षा जास्त असेल तर स्पीकर बंद राहतो. संदेश येताच खरखर दबते आणि स्पीकर उघडतो. शांतता हवी म्हणून खुंटी पूर्ण पिळून ठेवली, तर दूरवरच्या नौकेची क्षीण हाक संचापर्यंत येऊनही ऐकू येत नाही. खरखर जेथे नुकतीच थांबते, तीच खुंटीची योग्य जागा.

चॅनेल वर-खाली करणाऱ्या बटणांची मांडणी काटकसरीची असते. प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार देण्याऐवजी अनेक संचांत निरनिराळ्या मूल्यांचे रोध लावून सर्व बटणे एकाच तारेवर घेतली जातात. कोणते बटण दाबले हे मायक्रोकंट्रोलर त्या तारेवरील व्होल्टेज मोजून ओळखतो. युक्ती चतुर आहे, पण खाऱ्या हवेपुढे दुबळी. रबरी आवरणातून आत शिरलेला ओलावा संपर्कावर साचला की रोधाचे मूल्य बदलते आणि एक बटण दाबावे तर दुसरेच काम होते. संच ‘वेडा झाला’ अशी तक्रार येते तेव्हा बिघाड अनेकदा एवढाच असतो.

झाकणाखालच्या लाल बटणाची तऱ्हा वेगळी. चुकून धक्का लागून धोक्याचा इशारा जाऊ नये म्हणून ते काही सेकंद दाबून धरावे लागते. ती वेळ भरली की नौकेचा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक, जीपीएसने दिलेले स्थान आणि वेळ यांचा संदेश दोन स्वरांच्या संकेतात १५६.५२५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे चॅनेल ७० वर जातो. एवढ्याला साधारण अर्धा सेकंद पुरतो. पोच मिळेपर्यंत संच दर चार मिनिटांच्या आसपास तो पुन्हा पाठवतो आणि बोलण्यासाठी चॅनेल १६ लावून देतो. जीपीएस जोडलेला नसेल आणि स्थान हातानेही भरलेले नसेल, तर स्थानाच्या जागी नुसते नऊचे आकडे जातात. शोधकार्य करणाऱ्यांना त्यातून मदतीची गरज कळते. कोठे यावे हे कळत नाही. एमएमएसआय क्रमांकच भरलेला नसेल, तर लाल बटण केवळ शोभेचे ठरते.

मायक्रोफोन जाळ्याखाली किंवा उशीखाली दबून बटण अडकले तर अनर्थ ओढवतो. संच चॅनेल १६ वर अखंड प्रक्षेपण करीत राहतो आणि परिसरातील इतर नौकांच्या हाका त्याखाली दडपल्या जातात. प्रक्षेपण चालू असताना स्वत:चा स्पीकर बंद असल्याने त्या नौकेवर कोणाला शंकाही येत नाही. उलट, आज समुद्रात फारच शांतता आहे, असे वाटते. यावर उपाय म्हणून अनेक संचांत पाच मिनिटांनी प्रक्षेपण आपोआप तोडणारा टाइमर असतो. जुन्या संचात तो नसेल, तर पडद्यावर उमटलेली ‘टीएक्स’ ही खूण तेवढी दिसते.