भातसानगर

भातसानगर हे महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात भातसा धरणालगत वसलेले वसाहतीचे गाव आहे. धरणाच्या बांधकामाच्या काळात प्रकल्पाचे अधिकारी व कामगार यांच्यासाठी ही वसाहत उभी राहिली. धरण, सह्याद्रीच्या पायथ्याची जंगले आणि माहुली किल्ला यांच्यामुळे या परिसरात मुंबई, ठाणे व नाशिककडील प्रवासी येतात.

भौगोलिक स्थान
भातसानगर शहापूर गावाच्या ईशान्येला आहे. सह्याद्रीत उगम पावणारी भातसा नदी येथे धरणाने अडवली असून पुढे ती उल्हास नदीच्या खोऱ्यात मिळते. जमीन चढउताराची व खडकाळ असून डोंगरउतारांवर साग, ऐन, मोह व पळस ही झाडे आढळतात.

भातसा धरण
मातीकाम व दगडी बांधकाम असे संयुक्त स्वरूप असलेले हे धरण १९८३मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची ८८.५ मीटर व लांबी ९५९ मीटर आहे. पायथ्याशी १५ मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांच्या एकूण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर उपयुक्त साठ्यापैकी ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा साठा, एकट्या भातसाचा आहे.

तानसा जलाशयातील पाणी जलवाहिन्यांतून मुंबईकडे जाते. भातसाचे पाणी मात्र प्रथम नदीच्या पात्रात सोडले जाते. पिसे येथील बंधाऱ्यावर ते उचलून पांजरापूर व भांडुप येथील जलशुद्धीकरण केंद्रांकडे पाठवले जाते. यामुळे तालुक्यातील इतर ओढे आटले तरी धरणाखालील भातसा नदी भर उन्हाळ्यातही वाहती असते.

हवामान
जून ते सप्टेंबर या काळात येथे भरपूर पाऊस पडतो. हिवाळा सौम्य असतो, तर एप्रिल व मे महिन्यांत हवा अतिशय उष्ण व दमट असते. प्रवासासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा आहे. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय भरलेला व डोंगर हिरवे असतात.

कसे पोहोचाल
रेल्वे : भातसानगरला रेल्वे स्थानक नाही. शहापूरसाठी मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील आसनगाव स्थानकावर उतरावे लागते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून आसनगाव किंवा कसारा लोकलने येथे येण्यास साधारण दोन ते सव्वादोन तास लागतात. कल्याणच्या पुढे लोकलच्या फेऱ्या कमी असल्याने परतीची वेळ आधी पाहून ठेवणे आवश्यक ठरते. आसनगावहून शहापूर बसस्थानकापर्यंत एस.टी. बस व रिक्षा मिळतात. नाशिककडून येणारे प्रवासी कसारा येथे थांबणाऱ्या गाडीने उतरून पुढे लोकलने आसनगावला येऊ शकतात.

रस्ता : शहापूर हे मुंबई–नाशिक महामार्गावर आहे. २०२५मध्ये इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्गानेही तालुक्यात येता येते. मुरबाडहून सरळगाव व किन्हवली मार्गे शहापूरला रस्ता आहे. शहापूरहून भातसानगरकडे जाण्यासाठी एस.टी. बस किंवा खाजगी वाहनांचा उपयोग होतो. सायंकाळनंतर वाहने तुरळक असल्याने शेवटच्या बसची चौकशी शहापूर स्थानकावरच करावी.

प्रवेश व सुरक्षितता
धरणाची भिंत, दरवाजे व विद्युतगृह हा संरक्षित भाग असून तेथे जाण्यास जलसंपदा विभागाची परवानगी लागते. जलाशय पिण्याच्या पाण्याचा असल्याने त्यात पोहणे, कपडे धुणे किंवा कचरा टाकणे टाळावे. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडल्यावर खालच्या पात्रातील पाण्याची पातळी वेगाने वाढते. त्या वेळी वरच्या भागात पाऊस पडत असला तरी नदीकाठी ऊन असू शकते. म्हणून केवळ आकाश पाहून पात्रात उतरणे धोक्याचे असते. नदीकाठच्या गावांना विसर्गापूर्वी सतर्कतेचा इशारा दिला जातो. धरणे व धबधबे यांच्या परिसरात जिल्हा प्रशासन पावसाळ्यात मनाई आदेशही काढते.

नागरी सुविधा
मुक्काम, भोजन, बँक व रुग्णालय यांसाठी शहापूर हेच जवळचे मोठे ठिकाण आहे. महामार्गालगत हॉटेले व धाबे आहेत. डोंगराळ भागात मोबाइलचे जाळे सर्वत्र मिळत नाही.

पिण्याचे पाणी सोबत बाळगणे इष्ट असते. भातसा, तानसा व मोडक सागर हे मुंबईचे तीन मोठे जलाशय शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या सीमेलगत असूनही तालुक्यातील अनेक गावे व पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. जलाशय दरीच्या तळाशी आणि पाडे उंचावर आहेत. काळा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही आणि पावसाचे पाणी उतारावरून वाहून जाते. जलाशयाचे पाणी वर चढवण्यासाठी उपसा योजना व वीज लागते. याला पर्याय म्हणून इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून गुरुत्वाकर्षणाने पाणी आणण्याची योजना आखण्यात आली आहे. मार्च ते मे या काळात गावातील विहिरीचे पाणी मागताना प्रवाशांनी ही परिस्थिती लक्षात घ्यावी.

लोकजीवन
परिसरात कुणबी, आगरी तसेच महादेव कोळी, ठाकूर, कातकरी व वारली समाजाचे लोक राहतात. भात हे मुख्य पीक असून डोंगरउतारांवर नागली व वरई घेतली जाते. पावसाळ्यानंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामासाठी स्थलांतर करतात.

जवळपासची प्रेक्षणीय स्थळे
माहुली किल्ला : आसनगावजवळील हा गिर्यारोहकांचा आवडता किल्ला भंडारगड, माहुली व पळसगड अशा तीन भागांचा आहे. १६३६मध्ये शहाजीराजांनी मोगल व आदिलशाही फौजांशी येथे तह केला. चढण दमछाक करणारी असून वरच्या टप्प्यात लोखंडी शिडी आहे.
तानसा अभयारण्य : तानसा जलाशयाभोवतालचे हे जंगल वन विभागाच्या अखत्यारीत आहे. तानसा धरण १८९२मध्ये पूर्ण झाले.
मानस मंदिर : शहापूरजवळील टेकडीवरचे जैन तीर्थक्षेत्र.
आजोबा डोंगर : डोळखांबमार्गे डेहणे गावातून येथे जाता येते.