मोबाईल पोर्ट्रेटसाठी स्टुडिओ लाइट घेताय? आधी कुंकवाची टेस्ट करा

माझी धाकटी बहीण शेवगावात ब्रायडल मेकअप करते. पार्लर वगैरे नाही, घरातलीच दहा बाय बाराची खोली. गिऱ्हाईक येतं ते इन्स्टाग्रामवरचे फोटो बघून, आणि ते फोटो मी माझ्या मोबाईलवर काढतो. गेल्या लग्नसराईत एका नवरीच्या आईने फोटो बघून विचारलं, "लिपस्टिक अशी विटकरी का लावली?" लिपस्टिक लालभडक होती. दोष लाइटचा होता, आणि तो लाइट ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून मीच आणला होता. त्या नवरीचे पैसे मिळाले, पण तिच्या मावसबहिणीची ठरत आलेली ऑर्डर दुसरीकडे गेली. मग मी जरा नीट बसून लाइट समजून घेतले.

कंटिन्युअस लाइट म्हणजे फ्लॅशसारखा चमकून विझणारा नव्हे, सतत चालू राहणारा. मोबाईलवाल्यांना हाच लागतो, कारण स्टुडिओ फ्लॅशच्या त्या एका क्षणाशी बहुतेक मोबाईल मेळ घालू शकत नाहीत. शिवाय नाकाची सावली कुठे पडतेय ते बटण दाबायच्या आधीच स्क्रीनवर दिसतं. पूर्वी लग्नात व्हिडिओवाले हजार वॅटचा हॅलोजन घेऊन फिरायचे, तोही कंटिन्युअसच. त्याच्या धगीने नवरीला घाम फुटायचा. एलईडीने तो ताप संपवला.

आता मुद्द्याचं. बॉक्सवर सीआरआय नावाचा आकडा असतो. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो, जास्तीत जास्त १००. पोर्ट्रेटसाठी ९५ किंवा त्याच्या पुढचा घ्या. पण इथे एक गोम आहे. हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो आणि गडद लाल त्या आठांत नसतोच! लालचा आकडा वेगळा, त्याला आर९ म्हणतात. आपली गव्हाळ-सावळी त्वचा, ओठ, कुंकू, मेंदी, सगळीकडे लालच तर भरलेला. सीआरआय ८० असलेल्या स्वस्त एलईडीचा आर९ शून्याच्या आसपासही असू शकतो.

दुकानात आर९ विचारलात तर समोरचा बहुतेक तुमच्याकडे बघतच राहील. म्हणून माझी घरगुती टेस्ट सांगतो. पांढऱ्या कागदावर चिमूटभर कुंकू, चिमूटभर हळद आणि शेजारी स्वतःचा तळहात. एक फोटो दुपारी खिडकीजवळ काढा, थेट ऊन नको. दुसरा नव्या लाइटखाली, घरातले बाकी दिवे बंद करून. दोन्ही वेळी प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स असा लावा की कागद पांढराच दिसेल. कुंकू तपकिरी दिसलं की लाइट परत करा. रिटर्नची मुदत संपायच्या आत बरं का! मी नेमकं तेच केलं नव्हतं.

वॅटच्या मागे फार लागू नका. वॅट म्हणजे लाइट किती वीज खातो ते. उजेड बघायचा तर एक मीटरवर किती लक्स पडतो ते बघा, आणि तो आकडा रिफ्लेक्टर लावून मोजलाय की न लावता, तेही. रिफ्लेक्टर लावला की आकडा भलताच फुगतो.

चेहरा मऊ दिसणं मात्र लाइटच्या ताकदीवर नाही, आकारावर आणि अंतरावर ठरतं. छोटा लाइट लांब ठेवला तर सावल्या सुरीसारख्या पडतात. मोठा सॉफ्टबॉक्स जवळ आणला की गालावरून सावली हळूच उतरते. आम्ही ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून साधारण मीटरभर, थोडा बाजूला आणि डोळ्यांच्या वर ठेवतो. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल. दुसरा लाइट घ्यायची गरज अजून पडलेली नाही. अंतर दुप्पट केलं तर उजेड निम्मा नाही, पावपट उरतो, हे लक्षात ठेवा. उजेड कमी पडला की मोबाईल आयएसओ वाढवतो आणि मग त्वचा मेणासारखी गुळगुळीत करून टाकतो.

रिंग लाइट? रील्ससाठी ठीक आहे. पोर्ट्रेटला चेहरा सपाट दिसतो, डोळ्यांत गोल कडी दिसते आणि चष्मा असेल तर विचारूच नका.

घ्यायच्या आधी लाइट लुकलुकतो का तेही बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलका एलईडी सेकंदाला १०० वेळा मिचमिचतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण मोबाईलवर पट्टे येतात. स्लो मोशन व्हिडिओ काढला की चोर सापडतो. तसाच लाइट गळ्यात पडला असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवून बघा.

सध्या आमच्याकडे ६० वॅटचा, ५६०० केल्विनचा, बोवेन्स माउंटवाला एलईडी आहे. बोवेन्स माउंट असला की पुढे दुसऱ्या कंपनीचा सॉफ्टबॉक्सही त्यावर बसतो. शूटच्या वेळी खोलीतली ट्यूब बंद ठेवतो, नाहीतर एक गाल निळसर आणि दुसरा पिवळट. वीज गेली तर लाइट घरच्या इन्व्हर्टरवर चालतो. त्यातला पंखा घरघरतो, ते फोटोत कळत नाही; रीलला आवाज वेगळा रेकॉर्ड करावा लागतो.