अंतरपाटापलीकडची मुलगी

नाशिककरांसाठी गोदावरी ही ‘गंगा’च. घाटावर जाणे म्हणजे गंगेवर जाणे. मुहूर्तशास्त्राने मात्र ह्या नदीला आणखी एक काम दिले आहे, आणि ते रोज गंगेवर जाणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते. इ. स. १६०० मध्ये काशीत राम दैवज्ञाने ‘मुहूर्तचिंतामणी’ हा ग्रंथ लिहिला. गुरू सिंह राशीत असताना गोदावरीच्या उत्तर तीरापासून भागीरथीच्या दक्षिण तीरापर्यंतच्या प्रदेशात विवाह सदोष, इतरत्र नव्हे, असा निर्णय त्यात आहे. गुरू सिंहेत येणे म्हणजेच नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ. आता गंमत पाहा. पंचवटी नदीच्या डाव्या तीरावर आहे, जुने नाशिक उजव्या. नियम शब्दशः घ्यायचा, तर सिंहस्थात पंचवटीत लग्न निषिद्ध ठरते आणि पूल ओलांडून जुन्या नाशकात आले की निषेध संपतो! शिवाय सूर्य मेषेत असेल तर दोष नाही, अशी सवलतही तिथेच दिलेली आहे.

ह्या नियमाची थट्टा करणे सोपे आहे. परंतु लग्नासारख्या गोष्टीचा निर्णय स्वतःबाहेरच्या कुठल्यातरी अधिकारावर सोपवण्याची जी जुनी रीत आपल्याकडे आहे, तिचे स्वरूप ह्या नियमावरून चांगले कळते. रीत कडक होती, पण तिला दारे होती. दोषामागे परिहार असे, परिहारामागे शांत असे. आज हाच निर्णय मोबाइलमधल्या चॅटबॉटवर सोपवणारी पिढी आपल्यासमोर आहे. ‘ह्याच्याशी लग्न करू का’, ‘तिला सोडू का’ असे प्रश्न रात्री एकट्याने त्या यंत्राला विचारले जातात. तेव्हा ‘जुनीच अंधश्रद्धा नव्या वेषात आली’ असे म्हणून विषय संपवण्याचा मोह होतो. तो आवरून जुन्या कथांकडे थोडे निरखून पाहावे, असे मला वाटते.

पहिली कथा नाशिकचीच म्हणायची. जांबचा नारायण बोहल्यावर उभा असताना ‘सावधान’ हा शब्द ऐकतो आणि मंडपातून पळून जातो. पुढे नाशिकला येऊन, शहरालगतच्या टाकळीला नंदिनी-गोदावरीच्या संगमापाशी बारा वर्षे तप करतो, आणि समर्थ रामदास होतो. परंपरेने ह्या तपाचा काळ १६२० ते १६३२ असा धरला जातो. अंतरपाट धरीपर्यंत उभा राहीन, असे वचन आईने त्याच्याकडून घेतले होते आणि त्याने ते अक्षरशः पाळले, असेही चरित्रकार सांगतात. घटनेच्या ऐतिहासिकतेचा वाद आपण बाजूला ठेवू. कथेची घडण महत्त्वाची आहे. दुसऱ्या हेतूने उच्चारलेला शब्द कानावर पडावा आणि तो आपल्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून घ्यावा, ह्या शकुनाला संस्कृतात उपश्रुती म्हणतात. भटजींनी ‘सावधान’ सर्वांसाठी म्हटले होते. प्रत्येक लग्नात ते म्हटले जाते. नारायणाने ते स्वतःसाठी ऐकले. उत्तर बाहेरून आले असे आपण म्हणतो खरे, पण निर्णय आधीच झालेला होता. त्याला फक्त एक शब्द हवा होता.

आणि अंतरपाटाच्या पलीकडे उभी असलेली मुलगी? परंपरा त्या गावाचे नाव आसनगाव असे सांगते. मुलीविषयी मात्र ती जवळजवळ गप्प आहे. समर्थांच्या जीवनावर मराठीत इतके लिहिले गेले, नाटके झाली, कीर्तने झाली. परंतु मांडवात एका मुलीचेही आयुष्य त्या क्षणी बदलले, हे कथनाच्या मध्यभागी क्वचितच येते.

दुसरी कथा लीलावतीची. भास्कराचार्यांच्या मुलीचे लग्न एका ठरावीक घटिकेलाच झाले तर टिकेल, अन्यथा नाही, असे भाकीत असते. म्हणून घटिकापात्र मांडतात. घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे वाटीसारखे भांडे. पाण्यावर सोडले की चोवीस मिनिटांत भरून बुडते. मुलगी कुतूहलाने वाकून पाहते, तिच्या अंगावरचा एक मोती सुटून पात्रात पडतो, छिद्र बुजते आणि मुहूर्त कधी टळला ते कोणालाच कळत नाही. ही कथा आपल्याला फैजीने १५८७ मध्ये केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतराद्वारे मिळते, म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. नाशिकच्या शेजारच्या खानदेशात, चाळीसगावजवळ पाटणे येथे भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, इ. स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भाऊ दाजींनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. त्यात आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, वंशावळ आहे, चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा राजज्योतिषी होता हेही आहे. लीलावती नावाची मुलगी मात्र नाही.

तरीही ही कथा टिकली. ती टिकण्याचे एक कारण असे असावे, की एवढ्या मोठ्या गणितज्ञाचे यंत्रही एका मोत्याने निकामी होते, ह्यात वाचकाला समाधान मिळते. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की यंत्र बंद पडल्यावर कोणीही मुलीला विचारत नाही. वडील तिच्या सांत्वनासाठी ग्रंथ लिहितात. गणिताचा ग्रंथ! ते सुंदर आहे, ह्यात शंका नाही. पण ते उत्तर नव्हे.

ह्या दोन्ही कथांत उपस्थित असूनही विचारात न घेतलेली व्यक्ती तीच आहे. पुढे पत्रिका जुळवण्याच्या रूढीने तिच्यावरचा भार आणखी वाढवला. छत्तीस गुणांची बेरीज निदान दोघांचीही पाहिली जाते: वर्णाचा एक, नाडीचे आठ, वगैरे. परंतु मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषेची सासूला, ज्येष्ठेची थोरल्या दिराला, ही यादी मुलीलाच लागू केली गेली. ‘पत्रिका जमत नाही’ हे वाक्य दोन घरांत कटुता न आणता नकार देण्याची सभ्य सोय होते, असा बचाव वडीलधारी मंडळी करीत. तो अगदीच खोटा नाही. मात्र ती सभ्यता दोन कुटुंबांमधली होती. तिची किंमत मंगळाच्या मुलीने वर्षानुवर्षे घरात बसून दिली.

ही रूढी सांभाळणारा जोशी गावचा वतनदार होता, हेही विसरता येत नाही. लग्न त्याच्याकडून लावून घेतले नाही तरी दक्षिणेवर त्याचा हक्क, असे दावे इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांपर्यंत गेले. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह झाला, त्यात भटजी नव्हता. जोतीराव फुल्यांनी रचलेल्या विवाहविधीत वधू आणि वर एकमेकांना उद्देशून मंगलाष्टके म्हणतात. वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलते आणि वराकडून वचन घेते. अंतरपाटापलीकडची मुलगी बोलू लागली, असे मला तो विधी वाचताना वाटते, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो केवळ सामाजिक दस्तऐवज म्हणून नव्हे, संवाद म्हणून वाचावा. जोश्याच्या सक्तीच्या हक्काला मुंबई इलाख्यात कायद्याने मूठमाती मिळाली ती १९२६ मध्ये.

आता चॅटबॉट. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम ह्यांनी ‘एलायझा’ नावाची संगणक-आज्ञावली प्रसिद्ध केली. मानसोपचारतज्ज्ञ बोलतो तशी ती समोरच्याचेच वाक्य उलटवून प्रश्न करीत असे. वायझेनबाउम ह्यांच्या सेक्रेटरीने ती घडताना पाहिली होती. तरीही तिच्याशी बोलू लागल्यावर त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. उपश्रुतीच ही: आपलेच शब्द, बाहेरून आलेले. २०२२ च्या अखेरीस आलेले चॅटजीपीटी त्याहून फार वेगळ्या रीतीने चालते. अफाट लिखित मजकुरातून ते शिकते आणि माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांवरून त्याला वळण लावले जाते. माणसांना पसंत पडते ते बहुधा दुजोरा देणारे उत्तर. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला एक सुधारित आवृत्ती ती फारच खुशामत करते म्हणून मागे घ्यावी लागली. पुढच्याच महिन्यात ग्रीसमधून बातमी आली: एका बाईने नवऱ्याच्या कॉफीच्या कपातील गाळाचे छायाचित्र चॅटजीपीटीला दाखवले, त्याने त्यात परस्त्री पाहिली, आणि तिने घटस्फोटाची कारवाई सुरू केली. प्याला वाचणारी म्हातारी आणि यंत्र एकाच बातमीत भेटले. नवरा सांगत होता, की मी हे हसण्यावारी नेले.

पत्रिका चूक असो वा बरोबर, ग्रह विचारणाऱ्याची मर्जी राखत नाहीत. गुण सतरा आले तर सतराच. ज्योतिष्याच्या भाकितांची परीक्षा जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतली होती. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखण्यात ज्योतिष्यांचे यश छापा-काटा करण्याहून अधिक नव्हते. तेव्हा त्या आकड्यांना मी अधिकार देत नाही. पण त्या आकड्यांशी भांडता येत असे, कारण ते कागदावर असत आणि दोन घरांसमोर असत. चॅटबॉटपुढे एकच बाजू मांडली जाते. जोडीदार तिथे असतो तो फक्त तक्रार करणाऱ्याच्या वर्णनात, आणि त्या वर्णनातूनच यंत्राला त्याचा स्वभाव, हेतू, कधीकधी रोगनिदानही रचावे लागते. रुसवा निवळल्यावर कोणी पुन्हा जाऊन वर्णन दुरुस्त करीत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले, की जोडीदाराला सोडावे का, अशा प्रश्नाला यंत्राने थेट निकाल देऊ नये. विचारणाऱ्याला विचार करायला मदत करावी. पंचवटीतल्या जुन्या जोश्याला असे धोरण जाहीर करावे लागत नसे, कारण दुसरी पत्रिका समोर आल्याशिवाय त्याला गुण मोजताच येत नसत. ती पत्रिका घेऊन येई मुलीचा बाप. मुलगी माजघरात असे.